पाऱ्याचं उत्तर चकतीला चालेना

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्या विभागात शाळांची झुंबड असते. माझं टेबल ठरलेलं: थर्माकोलच्या डब्यात लिक्विड नायट्रोजन, त्यात अतिवाहक (पुरेशी थंड केली की विजेला अजिबात रोध न करणारी) काळी चकती, वर अधांतरी चुंबक. चिमट्याने चुंबकाला गिरकी दिली की मुलं ओरडतात, फोटो काढतात आणि पुढे पळतात.

यंदा नववीतली एक मुलगी थांबली. पोस्टरवरच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या बघून म्हणाली, "सर, ऋण-ऋण एकमेकांना ढकलतात ना? मग जोडी कशी जमते?"

सगळी गोम वेळेत आहे, मी म्हटलं. इलेक्ट्रॉन चपळ, धातूतले धन आयन (इलेक्ट्रॉन सुटलेले अणू) जड आणि सुस्त. इलेक्ट्रॉन जाताना आयन त्याच्याकडे किंचित ओढले जातात. तो केव्हाच लांब जातो, पण आयन लगेच माघारी फिरत नाहीत. तिथे क्षणभर धनभार दाटलेला राहतो आणि दुसरा इलेक्ट्रॉन तिकडे खेचला जातो. पहिला एव्हाना दूर असल्याने ढकलाढकलही फारशी उरत नाही. अशा असंख्य जोड्या एकाच क्वांटम अवस्थेत गेल्या, की एखादीला वेगळं गाठून अडवणं जमत नाही, रोध शून्य. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये हे गणितात बसवलं.

"पण हे आयनच करतात कशावरून?"

(नववीत!) मग 1950 चे पाऱ्यावरचे प्रयोग सांगितले. जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा अणू) घेतला की रोध नाहीसा होण्याचं तापमान किंचित उतरतं. अणूच्या वजनाने फरक पडतो, म्हणजे आयनांची हालचाल यात आहेच.

तिने डब्याकडे बोट केलं. "यातही तसंच?"

इथे पंचाईत. पारा 4.2 केल्विनला अतिवाहक होतो, त्याला द्रव हेलियम लागतो. प्रदर्शनात परवडतो तो 77 केल्विनचा नायट्रोजन, आणि त्यात चालते ती इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची चकती, जी 93 केल्विनच्या आसपासच अतिवाहक होते. तिच्यात ऑक्सिजन-16 च्या जागी जड ऑक्सिजन-18 घातला तर तापमान जेमतेम हलतं, म्हणजे आयनांचं उत्तर इथे पुरेसं वाटत नाही. जोड्या तिच्यातही असतात, पण त्या जुळवतं कोण यावर एकमत नाही. थोडक्यात, पोस्टर एका पदार्थाचं, टेबलावर दुसराच.

तेवढ्यात आमचा सिद्धांतवाला सहकारी आला. माहितीपत्रकाच्या पाठीवर त्याने तांबं-ऑक्सिजनची जाळी काढली, शेजारच्या तांब्याच्या अणूंचे स्पिन (इलेक्ट्रॉनचं अंगभूत चुंबकत्व) उलटसुलट दाखवले. या स्पिनच्या चढउतारांनीच जोड्या जुळतात, असं त्याचं मत.

"सगळ्यांना पटलंय?"

"1986 मध्ये अशा पदार्थांतला पहिला सापडला, तेव्हापासून भांडतोय. आमच्याच मजल्यावर दोघांना पटलेलं नाही."

त्यातले एक मागेच उभे होते. शाळेच्या बाईंनी तिला बससाठी ओढून नेलं, तेव्हाही वाद चालूच होता.