रात्री कॉफी पिऊन झोप लागते कशी?

रात्री जेवणानंतर मी कॉफी घेतो. ते पाहून कुणी ना कुणी विचारतंच, "आम्ही संध्याकाळी प्यायलो तर रात्रभर टक्क जागे. तुम्हाला झोप लागते कशी?"

झोप लागते हे खरं. ती पुरेशी होते का, याची खात्री मी देणार नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तर यंत्रावर मोजलेली झोप तासाभराहून जास्त घटली. डोस मोठाच होता म्हणा. पण दुपारच्या कॉफीला निर्धास्तपणे निरुपद्रवी समजणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे पेंग येते. हे रसायन मेंदूत ज्या जागांना चिकटून काम करतं, त्या जागा कॅफिन अडवून बसतं. म्हणजे शीण जात नाही, जाणवेनासा होतो. काहींच्या बाबतीत या जागांची घडणच जनुकांमुळे थोडी वेगळी असते. त्यांना अर्ध्या कपातही धडधडतं, उगाच भीती वाटते. 'मनाचे खेळ आहेत' म्हणून त्यांना हसणाऱ्यांचा मला राग येतो.

खरी गंमत यकृतात आहे. कॅफिनचा निचरा मुख्यतः तिथलं सीवायपी१ए२ हे विकर (एन्झाइम) करतं. घेतलेल्यातलं अर्धं कॅफिन संपायला सरासरी ५ तास लागतात, पण निरोगी माणसांतही हा काळ दीड ते साडेनऊ तास इतका बदलतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी तो जवळपास दुप्पट होतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत १५ तासांपर्यंतही जातो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तरी निचरा मंदावतो. त्यामुळे कालपर्यंत सोसणारी कॉफी आज अचानक बाधली, तर कॉफीइतकाच गोळ्यांच्या पाकिटावरही संशय घ्यावा.

सिगारेटचं उलटं. धुरातल्या घटकांमुळे हे विकर वाढतं आणि कॅफिन झपाट्यानं संपतं. सिगारेट सोडली की काही दिवसांत तो वेग उतरतो. कप तेवढेच राहतात, पण रक्तातलं कॅफिन चढतं. मग हात थरथरतात, झोप उडते, चिडचिड होते. माणूस समजतो, ही सिगारेटची तल्लफ. त्यातला थोडा तरी त्रास कॉफीचा असू शकतो, आणि तो कमी करायला एखादा कप कमी करून पाहावा. कॉफी एकदम बंद मात्र करू नये. रोजच्या पिणाऱ्याचं डोकं दिवसभरातच ठणकायला लागतं.