४० मिनिटांचा तास

शनिवार, संध्याकाळ.

पाऊस लागला की इंदूरला पापडांच्या बरोबरीनं खडूही सादळतात. खोका खिडकीच्या कट्ट्यावर राहिला तर हटकून. मग खडू फळ्यावर उमटत नाही, नुसता घसरतो. जोर दिला की मोडतो. झाकणाच्या डब्यात घालून लोखंडी कपाटात ठेवले तर टिकतात. फळ्याचंही तसंच. ओल्या फडक्यानं पुसला की काळाभोर दिसतो खरा, पण या हवेत वाळायला पाच मिनिटं घेतो आणि तोवर सातवी गप्प बसत नाही. म्हणून ओलं फडकं मधल्या सुट्टीच्या तोंडावर, एरवी कोरडा डस्टर.

मिडल स्कूलमध्ये पाच मिनिटं ही मोठी रक्कम आहे. प्राथमिकच्या बाई दिवसभर एकाच वर्गात असतात. सहावी ते आठवीला तासागणिक वर्ग बदलतो. एका वर्गातून दुसऱ्यात जायला तीन मिनिटं, मुलं स्थिरावायला दोन, कॉप्या, म्हणजे वह्या, निघायला तीन, शेवटी गृहपाठ उतरवून घ्यायला चार. ४० मधून उरली २८. शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास सांगतो, म्हणजे रोजचे साधारण साडेचार तास. टाइमटेबलात ते बसतातही, पण प्रत्यक्षात गळतात. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर चालतात, दुसऱ्या दिवशी शाळा भरली तरी अर्धे बाक रिकामे. त्या दिवशी नवा धडा काढू नये, उजळणी घ्यावी. नाहीतर तोच धडा दोनदा शिकवावा लागतो.

पहिल्या तासाला हजेरी. नावं पुकारली तर ४० मुलांना चार मिनिटं जातात, आणि मागच्या बाकावरून दुसऱ्याची ‘येस मॅडम’ कुणीतरी देऊन टाकतं. बाकांचा नकाशा रजिस्टरमध्ये चिकटवून फक्त रिकाम्या जागा बघितल्या तर मिनिटभरात काम होतं. महिन्यातून एकदा जागा बदलल्या की नकाशाही त्याच दिवशी बदलायचा. हजेरीचा आकडा घाईनं लिहायचा नाही, कारण माध्याह्न भोजनाचा हिशेब त्यावरच चालतो. सहावी ते आठवीला मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७.५ ग्रॅम तेल. ही वजनं कच्च्या जिनसांची. ताटातली पोळी तोलून काही सिद्ध होत नाही. वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची असते, आणि ती भांड्याच्या तळातून घ्यावी. वरवर डाळ बरी लागते, करपलेपणा तळाशी कळतो. हात धुणं वेगळंच गणित: दोन नळ, ४० मुलं, प्रत्येकी अर्धं मिनिट म्हणजे दहा मिनिटं. त्यामुळे निम्मा वर्ग घंटेआधी पाच मिनिटं सोडलेला बरा.

या आठवड्यात सहावीला अपूर्णांकांची बेरीज. १/२ अधिक १/३ बरोबर २/५, हे उत्तर दर वर्गात येतं आणि हुशार मुलंही देतात. निष्काळजीपणा म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही, त्यामागे मुलांचा चोख तर्क असतो. चाचणीत पहिल्या प्रश्नात २ पैकी १ गुण, दुसऱ्यात ३ पैकी १, एकूण ५ पैकी २: असं आपणच पेपरवर लाल पेननं लिहीत असतो! तिथे ते बरोबरही आहे, कारण प्रत्येक प्रश्नाची पूर्ण रक्कम वेगळी. अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र दोन्ही तुकडे एकाच अख्ख्याचे असावे लागतात. छेद सारखे करण्याची रीत आधी घोकून घेतली तर ती महिनाभर टिकते आणि चाचणीत पुन्हा २/५ उगवतो. आधी कागदाची पट्टी.

पट्टी २४ सेंटीमीटरचीच हवी. अर्धा १२, तिसरा हिस्सा ८, चौथा ६, सहावा ४, आठवा ३. सगळं पूर्ण सेंटीमीटरवर येतं. एका बाजूनं कोऱ्या जुन्या ए-फोर कागदातून ३ सेंटीमीटर रुंदीच्या सात पट्ट्या निघतात. दोघांत दोन पट्ट्या धरल्या तर ४० मुलांना सहा कागद पुरतात. १२ आणि ८ रंगवले की २० झाले, २४ पैकी २०, म्हणजे ५/६. मग त्याच पट्टीवर २/५ मोजायला लावायचे: ९.६ सेंटीमीटर. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं, हे इथे डोळ्यांना दिसतं. पुढे फार बोलावं लागत नाही. बिघडतं दोन ठिकाणी. तिसरा हिस्सा घडी घालून काढायला गेलं की तीन भाग सारखे येत नाहीत, म्हणून तिथे मोजूनच खूण करायची. दुसरं, प्लास्टिकच्या स्केलवर शून्याआधी थोडी जागा असते. मुलं कडेपासून मोजतात आणि ८ चे साडेआठ होतात.

कॉप्या तपासणं. एकीला दीड मिनिट धरलं तरी ४० कॉप्यांना एक तास, आणि मोकळा पिरियड ४० मिनिटांचाच. रोज आठ कॉप्या बारकाईनं, म्हणजे पाच दिवसांत वर्ग पूर्ण. बाकीच्यांनी उत्तरं फळ्यावरून ताडून घ्यायची. कॉप्या त्या पानावर उघड्याच गोळा कराव्यात. दर कॉपीला पान शोधण्याचे दहा सेकंद वाचतात. एकच चूक दहाजणांत दिसली तर दहा शेरे लिहिण्यात अर्थ नाही, तो भाग पुन्हा शिकवायचा.

उरलेला वेळ ऑनलाइन नोंदी खातात. अपार आयडीसाठी, म्हणजे देशभर चालणाऱ्या विद्यार्थी क्रमांकासाठी, शाळेतलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळावं लागतं. मराठी घरांतली मुलं इथे हमखास अडकतात. आधारवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी. दाखिल-खारिज रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदीत, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात गेलेलं, म्हणून मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच. मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीवर तिसरंच काही. फॉर्म भरण्याआधी तिन्ही शेजारी ठेवून पाहावेत, आणि पालकांना आधारचं मूळ कार्ड आणायला सांगावं. पुसट झेरॉक्सवर मात्रा आणि अनुस्वार गायब असतात, की पुन्हा तोच फेरा.