कोठी गळकी निघाली की

पोटावर चिमटा काढला की बोटांत वळी येते आणि सगळा राग तिच्यावर निघतो. पण चिमटीत सापडते ती कातडीखालची चरबी, म्हणजे त्यातल्या त्यात सज्जन. आतड्यांभोवती आणि यकृतात दडून बसलेली कधी हाताला लागत नाही.

चरबीची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखी असते. जवळजवळ सगळी जागा एका तेलाच्या थेंबाने व्यापलेली, आणि केंद्रक बिचारं कडेला चेपून बसलेलं, अंगठीच्या खड्यासारखं. थेंबावर पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचं वेष्टण. उपाशीपोटी किंवा घाबरल्यावर ॲड्रेनॅलिनच्या जातीचे निरोप आले की हे वेष्टण ढिलं होतं आणि तीन विकरं (एन्झाइम) पाळीपाळीने कामाला लागतात. थेंबातलं तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड, ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. प्रत्येक जण ट्रायग्लिसराइडचं एकेक मेदाम्ल तोडतो, शेवटी ग्लिसरॉल उरतं. सुटलेली मेदाम्लं अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या पाठीवर बसून रक्तातून निघतात.

जेवण झालं की इन्सुलिन येऊन हे सगळं बंद करतं. तेही अगदी थोडक्या इन्सुलिनमध्ये. स्नायूंना साखर आत घ्यायला लावायची तर त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणजे चरबीची पेशी तशी आज्ञाधारकच. मग बिनसतं कुठे?

बिनसतं ते ती फुगत गेल्यावर. पेशीचा व्यास 100 मायक्रोमीटरच्या पुढे गेला की प्राणवायू नीट पोचेनासा होतो. काही पेशी मरतात, त्यांच्याभोवती भक्षक पेशी कडं करून बसतात आणि टीएनएफ-अल्फासारखे दाहाचे निरोप सुटू लागतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत हा टीएनएफ 1993 मध्ये सापडला, तेव्हा चरबी म्हणजे नुसती अडगळीची खोली ही समजूत चांगलीच हलली. या निरोपांनी इन्सुलिनचं कुलूप सैल होतं. पोट भरलेलं असतानाही मेदाम्लं झिरपत राहतात आणि स्नायूत, यकृतात जाऊन पडतात.

तिथे ती जळून गेली तर प्रश्नच नाही. न जळता अर्धवट रूपात साचली की घोळ. डायअसिलग्लिसरॉल हे त्यातलं एक रूप. ते प्रोटीन कायनेज सी नावाच्या विकराला उठवतं, आणि ते विकर इन्सुलिनच्या निरोप्यावर भलत्याच जागी, टायरोसीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन या दुसऱ्यावर, फॉस्फेट चिकटवतं. दुसरं सेरामाइड, पामिटिक आम्ल हे मेदाम्ल आणि सेरीन यांच्यापासून बनणारं. ते पुढच्या टप्प्यावर निरोप पुढे नेणाऱ्या एकेटी या विकराला अडवतं. परिणाम एकच: साखर आत घेणारी ग्लुट-4 ची दारं पेशीच्या पोटातच राहतात, पृष्ठभागावर येत नाहीत. इन्सुलिन बाहेर दार ठोठावतंय, आत कुणाला पत्ता नाही.

इन्सुलिनला होणाऱ्या या विरोधाचा ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ रँडल यांनी 1963 मध्ये मांडलेला खुलासा वेगळा होता: स्नायू मेदाम्लं जाळत बसतो म्हणून साखरेचं ज्वलन मागे पडतं. पुढे निरोगी माणसांच्या रक्तातली मेदाम्लं मुद्दाम वाढवून पाहिलं, तर साखरेची उचल घटायला तीन-चार तास लागले, आणि अडथळा ज्वलनाच्या आधीच, साखर आत शिरतानाच निघाला. स्नायूत साठलेलं ट्रायग्लिसराइड मात्र स्वतः फारसं दोषी नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही ते भरपूर असतं, तरी त्यांचे स्नायू इन्सुलिनचं मुकाट ऐकतात. त्यांच्याकडे येणारं तेल रोज जळतंही.

चरबीचे सगळेच निरोप कागाळीचे नसतात. पामिटोलिक हे मेदाम्ल चरबीतून निघून स्नायूचं इन्सुलिनशी जुळवून देतं, असं 2008 मध्ये उंदरांत दिसलं. चरबीच्याच पेशींतून निघणारं ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक तर सेरामाइड मोडायला मदत करतं, पण पेशी फुगल्या की नेमकं तेच घटतं.

लिपोडिस्ट्रॉफीत तर गंमतच उलटी. या आजारात अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, आणि तरी इन्सुलिनला होणारा विरोध भयंकर असतो. चरबीची कोठीच नाही म्हटल्यावर तेल यकृतात सांडणार, दुसरं काय? पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरचं औषध नेमकं इथेच काम करतं: कातडीखाली नव्या, लहान चरबीपेशी तयार करून तेल तिकडे वळवतं. रक्तातली साखर उतरते आणि वजन मात्र दोन-चार किलो वाढतं, त्यातलं काही अंगात साचलेल्या पाण्याचं. रुग्ण वजनकाट्यावरून उतरून डॉक्टरांकडे संशयाने बघतो, आणि डॉक्टर रिपोर्ट बघून खूश असतात.