साडेआठ हजारांच्या लॅपटॉपसाठी दोन रात्री

दर वेळी पाचशे रुपये. लॅपटॉप हळू झाला की दुकानात द्यायचा, संध्याकाळी आणायचा, आणि दुकानदार म्हणणार, "फॉरमॅट मारून दिला, एकदम नवा झाला." सात-आठ वर्षांत असे चार वेळा पाचशे मोजले. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

लॅपटॉप २०१७ चा. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, एक टीबीची हार्डडिस्क. परभणीच्या मोंढ्यात एका आडतीचे हिशोब मी बघतो, त्यासाठी घेतलेला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे तो रस्ता बंद. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. म्हणून नवा घेतला आणि हा विकायला काढला. कृषी विद्यापीठातला एक पोरगा बघायला आला, जिंतूरकडचा. चालू केला, कीबोर्ड दाबून पाहिला आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "दादा, हे 'ॲक्टिव्हेट विंडोज' काय हाय? ओरिजिनल नाही का?"

दुकानदारानं मला जे सांगितलं होतं तेच मी त्याला सांगितलं, "सगळ्यांचं असंच असतंय." स्वतःलाच पटलं नाही. ओरिजिनल असेल तर साडेआठ देतो म्हणून तो गेला.

नवं विंडोज विकत घ्यायचं तर लॅपटॉपची किंमत त्यातच जायची. त्या रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की विंडोज ८ आलं तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीचं विंडोज टाकून विकलेल्या लॅपटॉपच्या विंडोजची लायसन-किल्ली खालच्या स्टिकरवर नसते, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. डिस्क पुसा, बदला, ती जात नाही. माझं यंत्र विंडोज १० होम सिंगल लँग्वेजसह आलं होतं, बिलावर तसं छापलेलं आहे. दुकानदारानं त्याच्यावर प्रो, म्हणजे विंडोजचा दुसराच प्रकार, टाकलं होतं. होमच्या किल्लीनं प्रोचं कुलूप कसं उघडणार! मग तो खोटं लायसन दाखवणारा कसला तरी ॲक्टिव्हेटर चालवायचा, चार महिन्यांनी कोपऱ्यात ती पुसट अक्षरं परत यायची, आणि लॅपटॉप हळू झाला की मी परत पाचशे घेऊन त्याच्या दारात.

म्हणून होमच परत घरी टाकायचं ठरवलं. विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह करण्यात काही अडचण आली नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचं, किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा, ते सगळं स्वतः करतं. डाउनलोड चार जीबीच्या वर आहे, मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत बसत नाही. मी आडतीच्या वायफायवर केलं.

आता अडलो ते.

लॅपटॉप कशावरून सुरू करायचा हे विचारणाऱ्या बूट मेनूत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं, एकाच्या आधी 'यूईएफआय' (सुरू करायची नवी पद्धत) लिहिलेलं, एकाच्या नाही. मी यूईएफआयवालं निवडलं. भाषा, पुढे, पुढे, आणि डिस्क निवडायच्या पानावर खाली पिवळा त्रिकोण. या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, नवी जीपीटी पाहिजे. मागे गेलो, परत आलो, तोच त्रिकोण. शेवटी लाज सोडून दुकानदारालाच फोन लावला. "दुसरं नाव निवडा ना भाऊ, लेगसीत टाका, होऊन जातंय. आपण तसंच टाकतो." लेगसी म्हणजे सुरू करायची जुनी पद्धत.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. लॅपटॉप आला तेव्हा डिस्क जीपीटीचीच असणार. दुकानदारानं जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हनं एमबीआर करून ठेवली, आणि सिक्युअर बूट (सुरू होताना भलतं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) बंद केलं ते वेगळंच. त्याचं ऐकलं असतं तर दहा मिनिटांत पुढे गेलो असतो, हे खरं आहे. पण तोच घोळ मी त्या पोराच्या गळ्यात का मारू? शिवाय डिस्क पुसायचीच होती. साधा क्विक फॉरमॅट फक्त यादी पुसतो, माल आत तसाच राहतो. फुकटच्या सॉफ्टवेअरनं कुणीही फोटो परत काढतो.

दुसऱ्या रात्री त्याच पानावर शिफ्ट आणि एफ-१० दाबलं. काळी खिडकी उघडली. तिच्यात हुकूम टाइप केले: 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क'. पडद्यावर तीन ओळी: ९३१ जीबी, ९३१ जीबी, १४ जीबी. एक टीबीची डिस्क इथं ९३१ दिसते. चौदावाला पेनड्राइव्ह, डब्यावर सोळा लिहिलेला. पण ९३१ दोन कशा? माझी नजर टेबलाच्या कडेला गेली. बाहेरची हार्डडिस्क अजून यूएसबीला लटकलेली होती. तिच्यात पोरीच्या बारशापासूनचे सगळे फोटो, दुपारीच कॉपी केलेले. आकार तोच, नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. ती उपसून बायकोच्या हातात दिली, म्हणालो कपाटात ठेव, मी मागितली तरी देऊ नको. पेनड्राइव्ह सोडून सगळं काढा, मगच त्या काळ्या खिडकीत हात घाला.

'सिलेक्ट डिस्क ०', आणि 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' क्षणात होतं पण फक्त नकाशा पुसतं. 'ऑल' लावलं की प्रत्येक जागी शून्य लिहितं. (एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, असेल तर हे करू नका, तिला तिच्या कंपनीचं सिक्युअर इरेज असतं.) टक्के नाहीत, पट्टी नाही. साडेदहाला सुरू केलं, एक रेघ लुकलुकतेय. चालू आहे की मेलंय, कळायला मार्ग नाही. हार्डडिस्कवर कान ठेवून ऐकत होतो.

पावणेबाराला लाईट गेली. आठ वर्षांची बॅटरी, वीस मिनिटं टिकली तर नशीब. इन्व्हर्टरवर आमच्याकडं दोन पंखे, एक ट्यूब आणि बैठकीतला एकच पॉइंट. चालू लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांनी धरून बैठकीत नेला, टीव्हीची पिन काढली, चार्जर खोचला आणि फरशीवर बसलो. दोन वाजून दहा मिनिटांनी ओळ आली की डिस्क साफ झाली. 'कन्व्हर्ट जीपीटी'ला एक सेकंद लागला. पिवळा त्रिकोण गेला.

मग विंडोज टाकलं. होम की प्रो, हे त्यानं विचारलंच नाही. चिपमधलं वाचून होम सिंगल लँग्वेज स्वतःच घेतलं. सकाळी तात्पुरतं खातं करून वायफाय जोडलं, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडलं: डिजिटल लायसन्सनं ॲक्टिव्हेट. दोन हजार रुपये डोळ्यापुढून गेले. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट परत चालू केलं आणि रिसेटमधून 'सगळं काढा' देऊन देश निवडायच्या पहिल्या पानावर आणून बंद केला, म्हणजे घेणारा स्वतःचं खातं टाकेल.

हो, हे आधीच लिहायला हवं होतं: हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर असेल तर फॉरमॅटच्या आधी टॅलीतूनच लायसन सरेंडर करा आणि डेटाचं फोल्डर काढून घ्या. मालकाचं लायसन होतं, त्यांनीच आठवण केली म्हणून वाचलो. व्हॉट्सॲप वेब फोनमधून लॉगआउट करायचं, तेही त्यातलंच.

रविवारी पोरगा आला. अपडेट संपल्याची तारीख मी स्वतः सांगितली, बिल दिलं, नव्यानं सुरू करून दाखवला. कोपरा कोरा. त्यानं विचारलं, "दादा, फॉरमॅट कुठून मारून घेतला?"

"घरीच केलं."

"मग तुमचे पाचशे वाचलेच की," म्हणाला, आणि आठ हजार मोजून हातात ठेवले.