चितेगाव फाटा ते दर्शना : कांद्याच्या गोणीमागून

नाशिकहून बांगलादेशात जाणारी गोणी बघायची असेल, तर आडगाव नाक्यावरून सकाळी लवकर निघायचं. छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, निफाड आणि मग लासलगाव. अंतर साठेक किलोमीटर. पहिल्या सत्राचा लिलाव सुरू झाल्यावर पोचलात तर नुसती ट्रॅक्टरांची रांग दिसते, कांदा दिसत नाही. रविवार टाळा.

दोन देशांच्या मैत्रीवर दिल्ली-ढाक्यात बरंच बोललं जातं. आम्हाला ती या रस्त्यावर जास्त नीट वाचता येते. इथे ती कधी उगवते, कधी कोंब फुटून वाया जाते.

पहिला थांबा निफाडच्या अलीकडे, चितेगाव फाटा. राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान इथे आहे. शेतकऱ्यांच्या तोंडी एनएचआरडीएफ. नाफेड या सहकारी पणन महासंघाच्या पुढाकाराने १९७७ मध्ये सुरू झालेली ही संस्था. खरिपाचं बियाणं घ्यायला येणारे ॲग्रीफाउंड डार्क रेड हा वाण मागतात, जुने लोक अजून एन-५३. हा एन-५३ नाशिक भागातल्या स्थानिक कांद्यातून निवडीने तयार झालेला वाण. बांगलादेश सरकारने तिकडच्या शेतकऱ्यांना उन्हाळी-पावसाळी कांद्यासाठी हेच बी प्रोत्साहन म्हणून वाटलं. विकास सहकार्य म्हणतात ते आम्हाला यात दिसतं. मोठमोठ्या फलकांवर ते असेलच असं नाही.

अर्थात बी पाठवलं म्हणजे कांदा झाला असं नव्हे. कांद्याच्या बियाची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्याने घसरते, म्हणून मागल्या हंगामाचं पुडकं स्वस्तात मिळालं तरी घ्यायचं नाही. हेक्टरी ८ ते १० किलो बी लागतं. रोप गादीवाफ्यावरच टाकायचं, कारण सपाट वाफ्यात पाणी साचलं की रोपं मुळाशी गळून आडवी पडतात, मर लागते. आपल्याकडे निफाडच्या पावसात हे होतं, तर बंगालच्या पावसाचं काय सांगावं! ४० ते ४५ दिवसांनी रोपांची शेतात लागवड. त्यानंतर ढगाळ, दमट हवा टिकली की जांभळा करपा हा बुरशीचा रोग. शिवाय खरिपाच्या कांद्याची पात आपसूक पडत नाही, मान जाड राहते, त्यामुळे तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, टिकत नाही. काढला की विकायचा.

उन्हाळ कांद्याचं, म्हणजे रब्बीच्या, वेगळं. पात पडली की उपटायचा आणि शेतातच ओळीने असा पसरायचा की एकाच्या पातीने दुसऱ्याचा कांदा झाकला जाईल. तीन-चार दिवसांनी मान दोन-अडीच सेंटीमीटर ठेवून कापायची. इथे घाई करून मान अगदी बुडाशी छाटली, की पुढे चाळीत तिथूनच सड शिरते. निफाडपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना या चाळी दिसू लागतात. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, दोन्ही बाजूंना फटी ठेवून मारलेल्या पट्ट्या, आत चार फुटांच्या आसपास रुंदीचा ढीग. उंची पाच फुटांवर नेली की खालचे कांदे वरच्या वजनाने दबतात.

लासलगावची बाजार समिती १९४७ ची. लिलावात ट्रॉलीच्या वरचा थर बघून बोली लागते, भाव क्विंटलमागे. खरी परीक्षा नंतर, व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात. ट्रॉली रिकामी होताना खालून गोल्टी (बारका कांदा), जोडकांदा किंवा ओला माल निघाला, की वांधा. मग भाव पुन्हा बोलायचा आणि शेतकऱ्याने हिशेबपट्टीवरचा आकडा गिळायचा. खळ्यावर बसून बाया कांदा निवडतात. डेंगळा (फुलाचा दांडा) आलेला, काजळी (काळी बुरशी) धरलेला, पत्ती (वरचं साल) सुटलेला बाजूला. उरतो त्याची जाळीची गोणी भरायची.

गावातच भाभा अणुसंशोधन केंद्राचं २००२ मध्ये सुरू झालेलं 'कृषक' केंद्र आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा ६० ते ९० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतका डोस दिला की कांद्याला कोंब येत नाही. फक्त कोंब. सड थांबत नाही, म्हणून नीट न सुकवलेला माल तिथे नेणं म्हणजे पैसे घालून सडका कांदा विकत घेणं.

आता या सगळ्याचं कॅलेंडर मांडून बघा. बांगलादेशात पाबना, फरीदपूर, राजबाडी हे कांद्याचे जिल्हे. बारक्या कांद्यापासून लावलेला 'मुडिकाटा' डिसेंबर-जानेवारीत निघतो आणि रोपाचा मुख्य कांदा मार्च-एप्रिलमध्ये. आपला उन्हाळही त्याच सुमारास निघतो. म्हणजे दोघांच्या चाळी एकाच वेळी भरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकाच वेळी रिकाम्या होतात. शेजाऱ्याला गरज नेमकी तेव्हा लागते, जेव्हा आपल्याकडे भाव चढून शहरांत ओरड सुरू असते. २०१९ ची निर्यातबंदी २९ सप्टेंबरला आली, २०२० ची १४ सप्टेंबरला, हा योगायोग नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला २०० टका (तिथलं चलन) याच्या वर गेला आणि विमानाने मागवावा लागला. २०२० मध्ये सीमेवर भरलेले ट्रक अडकले, आतला माल सडला.

दार फक्त आपणच लावतो असंही नाही. बांगलादेशात कांदा आणायला तिथल्या कृषी खात्याचा आयात परवाना लागतो आणि त्यांचा माल निघाला की तो देणं बंद होतं. २०२३ मध्ये मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत बंद होतं. त्यांच्या शेतकऱ्यासाठी ते रास्तच. पण लासलगावला नेमकी तेव्हाच आवक तुंबलेली असते.

त्याच मार्चमध्ये, १८ तारखेला, सिलिगुडीहून पार्बतीपूरपर्यंतच्या १३१.५ किलोमीटरच्या, बांगलादेशाला डिझेल नेणाऱ्या मैत्री पाइपलाइनचं उद्घाटन झालं. उत्तम काम. पण डिझेल पंधरा दिवस थांबलं तरी त्याला कोंब फुटत नाहीत.

शेवटचा टप्पा रेल्वेचा. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी चालू असतानाच सरकारी पातळीवर ५०,००० टन बांगलादेशाला द्यायचं ठरलं आणि मार्च २०२४ च्या अखेरीस पहिली १,६५० टनांची गाडी गेदे (पश्चिम बंगाल)-दर्शना (बांगलादेश) या सीमेवरच्या रेल्वेमार्गाने पलीकडे पोचली, पुढे सिराजगंजला. ४२ वाघिणी, म्हणजे मालडबे. भागाकार केला तर वाघिणीला ३९ टनांच्या आसपास पडतात, ५० किलोच्या हिशेबाने ७८० वर गोण्या. धान्य भरताना वाघीण याहून जास्त घेते. कांद्याला मात्र श्वास घ्यायला जागा सोडावी लागते. तो वाटेतही ऊब आणि ओल सोडत राहतो. छतापर्यंत ठासून भरला, की मधल्या थराची वाफ वरच्या पत्र्याला लागून परत खाली ठिबकते.

म्हणून रेल्वेच्या मालधक्क्यावर गेलात तर थप्पीची उंची बघा आणि दाराजवळ किती जागा मोकळी सोडली आहे ते बघा. मग वाकून सगळ्यात खालची गोणी. जाळीला हात लावल्यावर ओलसर लागली, तर दर्शनाला दार उघडेपर्यंत तिच्यातलं पाणी शेजारच्या चार गोण्यांत उतरलेलं असतं.