तळाला भोक असलेली वाटी

संग्रहालयात नोंदणीचं काम करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे तलवारी आणि नाणी येतात. आमच्याकडे येतात त्या माळ्यावरच्या ट्रंका. वाड्याची वाटणी होते, जागा बिल्डरला द्यायची असते, मग कुणीतरी सगळं गोळा करून आणतं आणि त्यातल्या निम्म्या वस्तू आणणाऱ्यालाच ओळखता येत नाहीत. बऱ्याचशा आमच्या झाडलोटीच्या मावशी उभ्या उभ्या सांगतात, ही वज्री, पाय घासायची, हे चिपटं, हे मापटं, ही फणेरपेटी. पदव्या घेतलेल्यांपेक्षा मावशींचा अंदाज कमी चुकतो, हे मी साहेबांसमोरही म्हणते.

या वाटीपाशी मात्र मावशीही थांबल्या. तांब्याची, अर्धगोल, तोंडाशी ११ सेंमी, वजनाला हलकी. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, सांधा कुठेच नाही, ठोके इतके सारखे की तांबट कसलेला असणार. आणि तळाच्या बरोब्बर मध्यावर एक भोक, बारीक सुई जेमतेम जाईल एवढं (सुई घालून बघायची नसते, कड खराब होते, स्केल असलेल्या भिंगाखाली मोजायचं, १ मिमीला अगदी किंचित जास्त भरलं). ट्रंक आणणारे काका म्हणाले, "गळकी वाटी आहे हो, आई मोडीतच घालणार होती." साहेबांनी लांबूनच बघितलं, "अभिषेकपात्र. पूजेची वस्तू म्हणून नोंद करून टाका."

याचा मला मनापासून राग येतो. आपल्याकडे वस्तू कळली नाही की पूजेची, असं ठरूनच गेलंय. पिंडीवर थेंब थेंब पाणी सोडणारं भांडं, म्हणजे गळती, मी भरपूर बघितलीये. ती टांगायची तर कड्या हव्यात, तिपाईवर ठेवायची तर पोटावर कड्याने घासल्याचा पट्टा हवा. इथे दोन्ही नाही. ठिबकणाऱ्या पाण्याने भोकाभोवती बाहेरून क्षार धरतात, तेही बघितलं असतं, पण काकांनी देण्याआधी चिंच-मीठ लावून वाटी आरशासारखी लख्ख करून आणलेली. प्रेमाने केलं त्यांनी, त्यांना काय बोलणार. पण त्या काळपट-हिरव्या थरातच वाटीने काय काम केलं ते लिहिलेलं असतं आणि ते अर्ध्या तासात मोरीत वाहून गेलं.

मला पहिल्यापासून घटिकापात्राचा संशय होता. घड्याळं घरोघरी नव्हती तेव्हा लग्नाचा मुहूर्त असाच साधायचे, सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला घटी पाण्यावर सोडायची, भोकातून पाणी वर चढत जातं, वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, लगेच रिकामी करून परत सोडायची. सूर्यसिद्धांत या खगोलगणिताच्या जुन्या संस्कृत ग्रंथात याला कपालक यंत्र म्हटलंय, तांब्याचं पात्र, तळाला छिद्र, स्वच्छ पाण्याच्या कुंडात ठेवलं तर दिवसरात्रीत ६० वेळा बुडतं.

पण ही वस्तू सगळ्यांच्या घरी नसायची, गावच्या जोशांकडे, म्हणजे पंचांग बघून मुहूर्त सांगणाऱ्यांकडे असायची. काकांचं आडनाव जोशी नाही. मग आठवलं की ट्रंकेत कागदही होते. ते आले त्या दिवशीच दुसऱ्या विभागात गेले, कारण आमच्या पद्धतीत कागद एकीकडे, भांडी दुसरीकडे, नोंदवह्या वेगळ्या, नंबर वेगळे. एका घरातून एका ट्रंकेत आलेल्या वस्तूंची आपण दारातच ताटातूट करतो आणि मग वर्षानुवर्षं अंदाज बांधत बसतो! शेवटी तिकडची यादी मागून घेतली. रुमालात बांधलेली हस्तलिखित पंचांगं, मुहूर्ताच्या पोथ्या, कुंडल्यांचा गठ्ठा. काकांना फोन केला तर म्हणाले, "हो मग, पणजोबांकडे गावचं जोशीपण होतं की." हे त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

मग घंगाळात पाणी घेऊन वाटी सोडली. पहिल्यांदा अर्धा तास झाला तरी बुडेना. टाकीचं पाणी होतं, भोकात कचरा अडकला असणार. स्वच्छ पाणी म्हणतात ते उगाच नाही! पाणी दुहेरी मलमलीतून गाळून घेतलं आणि मग ती संथ, सरळ, न कलंडता खाली जात राहिली. हे एकदा तरी बघावं असं आहे. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक बराच वेळ जवळजवळ तेवढाच राहतो, तो ठरतो वाटीच्या वजनावर आणि घाटावर, म्हणजे तांबटाने पत्रा किती जाड ठेवायचा आणि भोक केवढं पाडायचं याचा मेळ करून, पाण्यात सोडून बघत बघत ती जमवलेली असणार. काठ टेकला आणि गप्पकन बुडाली. २२ मिनिटं. परत सोडली, परत २२ च्या आसपास.

साहेब म्हणाले, "बघा, २४ नाहीत." मी आकडेमोड करून दाखवली. पाणी आत यायचा वेग भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे १ मिमीचं भोक १.०४ मिमी झालं की तेवढ्यानेच जवळपास दोन मिनिटं जातात. केसाच्या जाडीपेक्षाही कमी झीज झाली हो ही, आणि वाटी तर पिढ्यानपिढ्या चिंच लावून घासलेली. साहेबांनी तडजोड सुचवली, "अभिषेकपात्र किंवा घटिकापात्र" असं लिहा. मी नाही लिहिलं. घटिकापात्र लिहिलं, खाली मापं, चाचणीची वेळ, पंचांगांचे नंबर आणि २४ का आली नाहीत याबद्दलचा माझा अंदाज, अंदाज म्हणूनच. उद्या कुणाला खोडायचं असेल तर त्याला सगळं समोर मिळेल.

पण डोक्यातून जात नाहीये ती दुसरीच वाटी. या निमित्ताने जुनी नोंदवही चाळताना सापडली, "तांब्याची वाटी, दुरुस्त." घाट तोच, वजन थोडं जास्त, आणि तळाच्या मध्यावर डाखाचा, म्हणजे भोक बुजवायला वितळवून लावलेल्या धातूचा ठिपका. वापरातलं भांडं करायचं म्हणून कुणीतरी कधीतरी भोक बुजवलंय. डाख काढायचा तर तापवावं लागणार, त्यात कड गेली तर भोकाचं मूळ माप कायमचं गेलं. आणि डाख हाही त्या वाटीच्या आयुष्याचाच भाग आहे, तो पुसायचा अधिकार मला आहे का हेही कळत नाही. साहेब म्हणतात हात लावू नका, आणि या बाबतीत मला त्यांचं पटतं. डाखात शिसं असेल तर एक्स-रेमध्ये तो तांब्यापेक्षा वेगळा उठून दिसेल आणि न उघडता व्यास मोजता येईल. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दुपारी पेशंट नसताना घेऊन या, पण आधी तुमच्या साहेबांचं पत्र आणा. पत्राचा मसुदा टेबलावर ठेवलाय, सही बाकी आहे.