डिग्री तीच, मग पुणे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बी.एस्सी.चं शेवटचं सत्र संपत आलं की पालक कॉलेजात भेटायला येतात, कुणी लग्नात गाठतात, कुणी रात्री फोन करतात. प्रश्न सगळ्यांचा एकच. "मॅडम, एम.एस्सी.ची सोय नाशिकात आहे. डिग्रीवर नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचंच येणार. मग पोरीला घरचं जेवण सोडायला लावून पुण्याला कशाला पाठवायचं?"

मी रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी. आणि पीएच.डी. दोन्ही गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या विभागात केलं आणि नोकरी नाशिकच्या कॉलेजात करते. दोन्हीकडचं पाणी प्यायलेय, म्हणून उत्तर देते.

डिग्रीवरचं नाव एकच असतं हे अगदी खरं. १९४९ साली विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. तेव्हा १२ जिल्ह्यांचा कारभार या एका विद्यापीठाकडे होता. पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि पुणे, नगर, नाशिक एवढे तीन जिल्हे उरले. या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो संलग्न कॉलेजांतून जी मुलं पास होतात, त्यांना पदवी हेच विद्यापीठ देतं. पण विद्यापीठाचे स्वतःचेही विभाग आहेत, आवारातच. तिथे जे शिकवतात तेच अभ्यासक्रम आखतात, तेच पेपर काढतात, निम्मे गुण सत्रभराच्या कामावर देतात. आणि उरलेल्या वेळात, खरं तर उरलेल्या नव्हे, मुख्य वेळात, संशोधन करतात. पालकांना दाखवायला हा फरक कुठल्या प्रमाणपत्रावर छापलेला नसतो, म्हणून तो सांगणं अवघड जातं.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगते, तिच्यातून कळेल.

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बेंझोइनपासून बेंझिल करायला देतात. पिवळे, सुंदर स्फटिक पडतात. गाळायचे, वाळवायचे, केशनळीत भरून द्रवणांक घ्यायचा. पुस्तकात ९५ अंश दिलाय. एखाद्या मुलीचा ९१ येतो. माल नीट वाळलेला नसतो, नाहीतर स्फटिकीकरण पुन्हा करायला हवं असतं. पण प्रॅक्टिकलची वेळ संपत आलेली, बसची वेळ झालेली, वहीत ९५ लिहिलं जातं. मी ओरडत नाही. ज्या प्रयोगाचं उत्तर आधीच छापलेलं आहे, तिथे माणूस छापलेल्या उत्तराकडे ओढला जाणारच.

विभागात दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट मिळतो आणि हा आधार सुटतो. तुम्ही जो पदार्थ तयार करायला घेतलाय तो याआधी कुणी केलेलाच नसेल, तर त्याचा द्रवणांक कुठल्या पुस्तकात शोधणार? ९१ आला तर ९१ लिहायचा. उद्या पुन्हा घ्यायचा. वेगळा आला तर का आला, याचा जाब स्वतःलाच द्यायचा. माझ्या प्रोजेक्टच्या वेळी काचेच्या नळीत सिलिका भरून मिश्रण वेगळं करायला बसायचे, त्याला आम्ही कॉलम लावणं म्हणतो. पिवळा पट्टा मिलिमीटर मिलिमीटरनं खाली सरकायचा. खाली नंबर घातलेल्या परीक्षानळ्यांची रांग. प्रत्येक नळीतला थेंब टीएलसीच्या, म्हणजे सिलिकाचा थर दिलेल्या, पट्टीवर टाकायचा, पट्टी द्रावकात उभी करून थेंब वर चढू द्यायचा, मग ती अतिनील दिव्याखाली धरायची. एक ठिपका दिसला तर माल शुद्ध, दोन दिसले तर नाही. शेजारच्या टेबलावर पीएच.डी.ची ताई हेच करत असायची, तिचा कॉलम माझ्याआधी लागलेला आणि माझ्यानंतर संपणारा. एखाद्या दिवशी सर येऊन पट्टी बघून जायचे आणि "हा दुसरा ठिपका कुठून आला?" एवढंच विचारायचे. उत्तर त्यांनाही माहीत नसायचं. आपल्या शिक्षकांनाही उत्तर माहीत नाही, आणि तरीही ते शांतपणे पुढचं काय करून बघायचं ते सांगतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

सेमिनारचंही तसंच. फळ्यासमोर उभं राहून पुस्तकातलं वाक्य म्हटलं की मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "हे कोणी दाखवलं? कुठल्या पेपरमध्ये?" मग जयकर ग्रंथालयात जाऊन मूळ शोधनिबंध काढायचा. आपण बी.एस्सी.ला पाठ केलेल्या प्रत्येक ओळीमागे कुणाची तरी वर्षं गेलेली आहेत, हे तिथे दिसतं.

पालकांना माझं उत्तर म्हणूनच एवढंच असतं. ज्याचं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही, अशा प्रश्नावर काम करणाऱ्या माणसांत दोन वर्षं राहायला मिळतं, त्यासाठी जायचं. नावासाठी जायचं नाही.

आमच्या कॉलेजातले शिक्षक कमी पडतात, असं यातून कुणी काढू नये. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, वर परीक्षेची कामं, प्रवेशाची कामं, समित्या. कित्येक जण तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे माहीत नसताना शिकवतात. त्यातूनही नाशिकमध्ये विद्यापीठमान्य संशोधन केंद्रं चालवणारी कॉलेजं आहेत आणि तिथे चांगलं काम होतं. उलट विभागांतही प्राध्यापकांच्या बऱ्याच जागा रिकाम्या पडून आहेत, त्याचा फटका मुलांना बसतो. सरकारी विद्यापीठात पदं न भरणं हा मुलांवरचा अन्याय आहे, असं मला वाटतं आणि जिथे जमेल तिथे मी हे बोलते.

मग नाशिकात कुणी राहावं? सातपूर, अंबड, सिन्नरच्या औषध कारखान्यांत क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीला, लागायचं, त्यासाठी एचपीएलसी हे शुद्धता तपासायचं यंत्र शिकायचं, घराला लवकर हातभार लावायचा, असं ज्याचं ठरलेलं आहे त्याने खुशाल इथेच एम.एस्सी. करावं. घरी कुणी आजारी आहे, द्राक्षबागेत छाटणीला आणि खुड्याला माणूस लागतो, त्यानेही. नोकरी सोडता येत नसेल तर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत ते अशाच माणसांसाठी काम करतंय. या वाटेला कमी लेखणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

पण एखादी मुलगी प्रॅक्टिकल संपल्यावरही मागे थांबून "मॅडम, ९१ का आला असेल?" असं विचारते. तिला मी स्वतः पुण्याचा फॉर्म भरायला लावते. निफाडकडचा एक मुलगा असाच होता. घरी बाग, वडील द्राक्षावरच्या केवडा नि भुरी या रोगांसाठी फवारण्या करून थकलेले. त्याचा प्रश्न होता की फवारलेल्या औषधाचं पानावर पुढे काय होतं, ते मोडतं कसं आणि किती दिवसांत. हा प्रश्न पुस्तकाच्या मागच्या स्वाध्यायात नव्हता. आपल्या भागात असे प्रश्न पायलीला पन्नास पडलेत. कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, चितेगावला कांद्यावर काम चालतं. प्रश्न इथलेच आहेत, त्यांना हात घालायची रीत शिकायला माणसं लागतात.

आता प्रवेशाचं बोलू, कारण गाडी बहुतेक तिथेच अडते. विभागात प्रवेश बी.एस्सी.च्या टक्क्यांवर मिळत नाही, विद्यापीठाची स्वतःची ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. अर्ज उन्हाळ्यात निघतात, शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधीच. "निकाल लागू द्या, मग बघू" म्हणणाऱ्यांची संधी तिथेच जाते. परीक्षेत भर विषयावर असतो आणि पाठांतरापेक्षा पहिल्या वर्षापासूनच्या मूळ संकल्पना विचारतात. एका विभागात जागा मोजक्या असतात, त्यात आरक्षण, म्हणून कागद आधी जमवावेत. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला. मे महिन्यात सेतू केंद्रावर किती रांग असते ते नाशिककरांना सांगायला नको. आपण त्याच विद्यापीठाचे असल्यामुळे मायग्रेशनची भानगड नसते, तेवढा एक ताप कमी. आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांचं पदव्युत्तर आणि चार वर्षांच्या पदवीवर एक वर्षाचं, असे दोन रस्ते झालेत, तेव्हा चौथं वर्ष इथे करायचं का, हे बारावीनंतरच घरात बोलून ठेवलेलं बरं.

पैशांचं. सरकारी विद्यापीठाची फी खासगीच्या मानाने आवाक्यातली असते, खर्च खरा राहण्याजेवणाचा. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली. रोज काही तास बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काम करायचं आणि तासावर पैसे मिळवायचे. या योजनेत काम करून शिकलेली कितीतरी माणसं आज मोठ्या जागांवर आहेत आणि ती ते अभिमानाने सांगतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. हप्ता उशिरा येतो, तेवढी तरतूद घरून ठेवावी.

"आणि पुढे पीएच.डी. म्हणाली तर? किती वर्षं पोसायचं?" हा त्याच बैठकीतला दुसरा प्रश्न. पोसावं लागत नाही, जर तिने नेट ही देशपातळीवरची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, काढली. सध्या महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. रसायनवाल्यांसाठी ही परीक्षा सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या वतीने एनटीए ही परीक्षा संस्था घेते, वर्षातून दोनदा. २०२४ पासून जेआरएफ न मिळालेल्यांनाही नेटच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेश मिळू शकतो, परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, पण ते गुण एकच वर्ष चालतात. शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. नियमाप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, मुलींना त्यावर दोन वर्षांची सवलत. लग्नाचं वय निघून जाईल या भीतीपोटी पोरींचं संशोधन थांबवणाऱ्या घरांना ही सवलत मी मुद्दाम सांगते.

राहिलं तिथलं जगणं. आपली मराठी माध्यमातली मुलं पहिले दोन महिने गप्प असतात. वर्ग इंग्रजीत, शेजारी देशभरातली मुलं. माझ्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. आमच्या एका बाईंनी मला फळ्यापाशी उभं करून सांगितलं, "आधी मराठीत सांग. रसायन बरोबर असेल तर इंग्रजी येईल." ते वाक्य मी आज माझ्या वर्गात वापरते. सकाळी रिफेक्टरीत चहा, दिवसभर प्रयोगशाळा, संध्याकाळी अनिकेत कँटीनला वाद. त्या वादात बसून मी पहिल्यांदा अर्थशास्त्राच्या मुलीकडून कांद्याच्या भावाचं गणित ऐकलं आणि नाट्यशास्त्राच्या मुलाकडून रासायनिक बंधावर शंका. एकाच विषयाच्या कॉलेजात हे घडत नाही. आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, जयंत नारळीकर जिचे संस्थापक संचालक होते. शेजारी एनसीआरए, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवते ती संस्था. पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. एखादं व्याख्यान ऐकायला चालत किंवा पीएमपीच्या बसने जाता येतं आणि दारावर कुणी विचारत नाही की तुमचा विषय कोणता.

तर असं करा. फॉर्म भरायच्या आधी मायलेकी किंवा बापलेकी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळची एसटी धरा. सुट्टीचा दिवस नको, सगळं बंद असतं. विभागात जाऊन प्रयोगशाळा बाहेरून का होईना बघा, पीएच.डी. करणाऱ्या दोन मुलींशी बोला, कोणते सर कशावर काम करतात ते विचारा, त्यांचे पेपर कुठे वाचायचे ते लिहून घ्या. मुलींच्या वसतिगृहात जाऊन रेक्टरना भेटा. आणि वसतिगृहाचा अर्ज प्रवेशापेक्षा वेगळा असतो, जागा कमी असतात. प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी तो अर्ज देऊन मगच नाशिकची बस पकडा.